धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१ – ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक, सहकारी चळवळीचे मार्गदर्शक आणि भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजना साहाय्याच्या वाटपाचे सूत्र त्यांच्या नावाने गाडगीळ सूत्र म्हणून ओळखले जाते. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेल्या गाडगीळांनी पुण्यात परतल्यावर मंडईतील फळबाजार, मोटारबस वाहतूक, शहरातील कुटुंबांची मिळकत, कालव्याखालील शेती अशा जवळच्या विषयांच्या प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली संशोधनपरंपरा उभी केली.

प्रारंभिक जीवन

गाडगीळांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले. तेथील पटवर्धन हायस्कूलचे ते विद्यार्थी होते. पहिले महायुद्ध संपत असताना उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. त्या काळी विलायतेस जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या नजरेसमोर आय.सी.एस.ची परीक्षा किंवा बॅरिस्टरची सनद असे. केवळ एखाद्या विषयाचे अध्ययन व संशोधन करण्यासाठी जाणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. गाडगीळ या थोड्यांपैकी एक होत.

केंब्रिजमधील अभ्यासक्रम

केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम, ज्याला तेथे ट्रायपॉस म्हणतात, आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने १९०३ मध्ये सुरू झाला होता. तत्पूर्वी हा विषय नीतिशास्त्र व इतिहास यांच्या अभ्यासक्रमांचा एक भाग म्हणून शिकवला जाई. गाडगीळ तेथे होते त्या वर्षांत मार्शल यांच्या जागी ए. सी. पिगू प्राध्यापक होते आणि जॉन मेनार्ड केन्स यांचे नाव व्हर्सायच्या तहावरील पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले होते. अभ्यासक्रमाचे दोन भाग असत. व्याख्याने विद्यापीठाची, तर विद्यार्थ्याच्या लेखनावर समोरासमोर चर्चा करून घेण्याचे काम महाविद्यालयाचे, अशी तेथील विभागणी होती. ठरावीक सत्रे विद्यापीठाच्या गावी प्रत्यक्ष वास्तव्य केल्याशिवाय पदवी मिळत नसे. हिंदुस्थानातील विद्यापीठांच्या पदवीधरांना या मुदतीत काही सूट होती. तरीही विलायतेतील वास्तव्याचा खर्च पेलणे ही मोजक्या कुटुंबांनाच शक्य असलेली गोष्ट होती.

या शिक्षणाचे बलस्थान सिद्धान्तात होते. मागणी व पुरवठा, मूल्य, पैसा, कर यांचे विश्लेषण करण्याची कडक शिस्त तेथे लागत असे. मात्र या सिद्धान्तांमागील उदाहरणे इंग्लंडमधील कारखाने, बँका आणि बाजारपेठा यांची असत. हिंदी शेतकरी, सावकार, अडत्या, विणकर हे या चित्राच्या कडेलाच राहत. ज्याला त्यांच्याविषयी काही समजून घ्यायचे असेल त्याला नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या बाहेर पडून स्वतः साधने गोळा करावी लागत.

तशी वाट नुकतीच खुली झाली होती. महायुद्धानंतर केंब्रिजने प्रबंधावर आधारलेल्या संशोधन पदव्या देण्यास आरंभ केला आणि त्यांत एम.लिट.चा समावेश होता. गाडगीळांनी या पदवीसाठी हिंदुस्थानच्या अलीकडच्या काळातील औद्योगिक स्थित्यंतराचा विषय निवडला. त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध केला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

या ग्रंथात १८६० नंतरच्या काळातील शेती, दुष्काळ, मळ्यांची लागवड, कापड व ताग गिरण्या, शहरांची वाढ आणि जुन्या हस्तव्यवसायांची घसरण यांचा मागोवा आहे. हस्तव्यवसाय का लयाला गेले याचे गाडगीळांनी दिलेले स्पष्टीकरण विशेष गाजले. यंत्रमालाची स्पर्धा हे एकच कारण त्यांनी पुढे केले नाही. देशी दरबार नाहीसे झाल्यामुळे उंची मालाचा ग्राहकवर्ग संपला आणि परकी सत्तेबरोबर आलेल्या नव्या वरिष्ठ वर्गाची अभिरुची बदलली, ही कारणेही त्यांनी स्पर्धेइतकीच महत्त्वाची मानली. सरकारी अहवाल, जनगणना व गॅझेटियर यांतून वेचलेल्या साधनांवर हा ग्रंथ उभा आहे. त्याची मर्यादाही तीच होती: विलायतेत बसून हिंदुस्थानाविषयी लिहायचे तर हाती येणारी साधने प्रामुख्याने सरकारनेच निर्माण केलेली असत. पुढील आवृत्त्यांमध्ये विवेचन १९३९ पर्यंत वाढवण्यात आले आणि कित्येक दशके हा ग्रंथ भारतीय विद्यापीठांत पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला.

परदेशी विद्यापीठात जाऊन देशी प्रश्नावर प्रबंध लिहिणारे गाडगीळ एकटे नव्हते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहिले. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठातील व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रबंध प्रांतिक अर्थव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न या विषयांवर होते. या तिघांनीही परदेशी अभ्यासक्रमाची शिस्त स्वीकारली, परंतु विषय आपल्या घरचा ठेवला.

विलायतेला विद्यार्थी का जातात, या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी याच सुमारास, १९२१ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हिंदुस्थानात उच्च शिक्षणाच्या सोयी वाढवणे हाच या प्रश्नाचा खरा उपाय आहे, असा तिच्या निष्कर्षांचा रोख होता. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग काढून या दिशेने एक पाऊल टाकले होते. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापनही तेथे मूळ धरू लागले होते. पुण्यात मात्र अर्थशास्त्रातील संशोधनासाठी वाहिलेली संस्था अद्याप नव्हती.

सुरत आणि गोखले संस्था

मायदेशी परतल्यावर गाडगीळांनी अल्पकाळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली. १९२५ मध्ये ते सुरतच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारी नोकरीतील स्थैर्य सोडून चोविसाव्या वर्षी एका प्रांतिक महाविद्यालयाची धुरा घेणे हा त्या काळच्या विलायती पदवीधरांचा नेहमीचा मार्ग नव्हे.

साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या पदावर राहिले. भारत सेवक समाजाचा समृद्ध ग्रंथसंग्रह संस्थेला आयताच लाभला. आरंभीची माणसे थोडी आणि पैसा बेताचा होता. हिंदुस्थानातील सरकारी अधिकाऱ्यांचे पगार (१९३१) आणि ओटावा करारातील साम्राज्यांतर्गत सवलतींचे परीक्षण (१९३२) ही संस्थेची सुरुवातीची प्रकाशने वृत्तपत्रांतील चालू वादांना धरून होती. यानंतर गाडगीळांनी आपले लक्ष संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका ठिकाणाकडे वळवले.

मंडईतील फळबाजाराची पाहणी

पुण्याची मध्यवर्ती मंडई शुक्रवार पेठेत आहे. त्यापूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने बांधलेल्या नव्या इमारतीचे उद्घाटन ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते झाले आणि तिला रे मार्केट हे नाव देण्यात आले. मध्यभागी अष्टकोनी मनोरा व त्याला जोडलेल्या लांब पाख्या अशी तिची रचना आहे. या बांधकामावरील खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. पुढे प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले मंडई असे नाव देण्यात आले. विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच आढळते.

गाडगीळ पुण्यात आले तेव्हा ही मंडई किरकोळ विक्रीची जागा होतीच, शिवाय शहराच्या घाऊक भाजी व फळ व्यापाराचे केंद्रही होती. पुरंदरच्या बाजूची अंजिरे, आसपासच्या बागांतील पेरू, कोकणातून येणारा आंबा असा हंगामाहंगामाचा माल येथे येई. त्याला शहराच्या नाक्यावर जकात भरावी लागे. गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांनी पुण्यातील फळांच्या खरेदी-विक्रीची केलेली पाहणी संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. एका शहरातल्या एका मालाच्या बाजारावर शिस्तशीर ग्रंथ लिहिण्याचा हा पुण्यातील आरंभीचा प्रयत्न होय.

विषय दिसायला लहान होता. मात्र केंब्रिजच्या व्याख्यानात बाजार म्हणजे भाव ठरण्याची एक कल्पना असते, तर मंडईत तो अडत्यांचे गाळे, टोपल्या, हमाल आणि उधारीच्या वह्या यांनी बनलेला असतो. त्या काळच्या घाऊक फळबाजारात बागाईतदार आपला माल सहसा स्वतः विकत नसे. तो अडत्याकडे पाठवी. अडत्या माल विकून आपली अडत कापून घेई. त्याखेरीज हमाली, तोलाई, गाडीभाडे आदी रकमा वजा होत आणि उरलेल्या रकमेची पट्टी बागाईतदाराच्या हाती येई. पुष्कळ बागाईतदारांनी हंगामापूर्वी अडत्याकडून उचल घेतलेली असे. अशा बागाईतदाराला माल दुसरीकडे नेण्याची मोकळीक उरत नसे. काही जण फळ धरल्यावर उभी बागच व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकीत. गिऱ्हाईक मोजत असलेल्या किमतीतील किती वाटा बागेपर्यंत पोहोचतो आणि मधला वाटा कोणत्या कामाचा मोबदला आहे, हा प्रश्न केवळ आकडेमोडीचा नव्हता. पतपुरवठा आणि विक्री एकाच माणसाच्या हाती असली की भाव ठरतो कसा, हा तो प्रश्न होता.

कोणत्याही पाठ्यपुस्तकात याचे तयार उत्तर नव्हते. ते व्यापारी, बागाईतदार व किरकोळ विक्रेते यांच्याकडून माहिती घेऊनच मिळवावे लागे. पुढील वीस वर्षांत गाडगीळांनी शेतीच्या पतपुरवठ्याविषयी जे काही मांडले, त्यातील कर्ज आणि विक्री यांची सांगड घालण्याचा मुद्दा या पाहणीतल्या विषयाशी थेट जुळतो. मुंबई प्रांतात शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारा कायदा १९३९ मध्ये झाला. मंडईतील घाऊक व्यापार मात्र त्यानंतरही बरीच वर्षे तेथेच चालू राहिला आणि अखेरीस गुलटेकडी येथील मार्केट यार्डात हलवण्यात आला.

शहर आणि जिल्ह्यांच्या पाहण्या

फळबाजारानंतर मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी एल. व्ही. गोगटे यांच्यासह १९३५ मध्ये, तर वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठे काम पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे होते. शहरातील निवडक कुटुंबांच्या घरी जाऊन व्यवसाय, मिळकत, शिक्षण, स्थलांतर यांची माहिती गोळा करण्यात आली. कारखाने, हस्तव्यवसाय व दुकाने यांचाही अभ्यास झाला. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये निघाला. सरकारी अहवालांवर विसंबून लिहिलेल्या केंब्रिजच्या प्रबंधापासून गाडगीळ किती दूर आले होते हे या दोन खंडांवरून दिसते. पुढे संस्थेतील न. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याची फेरपाहणी केली.

गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांविषयीचा अहवाल १९४८ चा आहे. पाटबंधाऱ्याचा फायदा केवळ सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवरून मोजू नये, भागातील एकूण उत्पन्न व रोजगारावरून मोजावा, ही त्यातील दृष्टी नंतरच्या सिंचनविषयक अभ्यासांना उपयोगी पडली.

संस्थेत विद्यार्थ्यांना पदव्युत्तर पदवीसाठी संशोधन करता येई. प्रथम मुंबई विद्यापीठाशी आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर त्याच्याशी हे काम जोडले गेले. अर्थशास्त्रात प्रबंध लिहिण्यासाठी विलायतेस गेलेच पाहिजे, ही स्थिती त्यामुळे महाराष्ट्रापुरती तरी बदलली. गाडगीळांनंतर संचालक झालेले वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा १९७१ चा प्रसिद्ध अभ्यास याच संस्थेतून आला. संस्थेत काळे यांच्या स्मरणार्थ दरवर्षी व्याख्यान होत असे. १९३९ चे व्याख्यान बाबासाहेब आंबेडकरांनी दिले होते. कोलंबिया-लंडनचे आंबेडकर आणि केंब्रिजचे गाडगीळ यांच्या वाटा येथे एका व्यासपीठापाशी आल्या.

सहकारी चळवळ

१९४४ मध्ये नेमलेल्या कृषी अर्थसाहाय्यविषयक उपसमितीचे गाडगीळ अध्यक्ष होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीत ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ते सदस्य होते. शेतकऱ्याला मिळणाऱ्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असून सावकारांचा वाटा त्याच्या कितीतरी पट आहे, असे या समितीच्या १९५४ च्या अहवालातून पुढे आले. कर्ज, विक्री व प्रक्रिया यांना एका साखळीत आणावे आणि सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदारी करावी, अशी तिची शिफारस होती. सरकारी भागीदारीमुळे संस्थांचे स्वातंत्र्य जाईल, अशी टीका या शिफारशीवर झाली आणि नंतरच्या अनुभवाने ती पूर्णतः खोटी ठरवली असे म्हणता येत नाही.

या विचाराचा प्रत्यक्ष प्रयोग अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे आधीच सुरू झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते आणि वैकुंठभाई मेहता यांचेही साहाय्य लाभले. फार न शिकलेला शेतकरी नेता आणि केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ यांची ही भागीदारी महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. भाग विकत घेण्यासाठी गावोगाव फिरून ऊस बागाईतदारांची मने वळवण्याचे काम विखे पाटलांचे होते; सरकार, बँका व तंत्रज्ञ यांच्याशी बोलणी करताना गाडगीळांच्या नावाचे वजन उपयोगी पडे.

महाराष्ट्राचा प्रश्न आणि नियोजन

गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राचे पुरस्कर्ते होते. राज्य पुनर्रचना आयोगाला सादर केलेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या निवेदनाच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. मुंबईसह एकभाषी राज्याची मागणी भावनेइतकीच आर्थिक युक्तिवादावर उभी करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

१९४७ मध्ये ते गोरवाला यांच्यासह वस्तू किंमत मंडळावर होते. धान्यावरील नियंत्रणे घाईने उठवू नयेत, असे या मंडळाचे मत होते; सरकारने ते मानले नाही. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच सुमारास राज्यसभेवर नामनियुक्त झाले. १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद स्वीकारून ते दिल्लीस गेले. तोवर राज्यांना मिळणारे केंद्रीय योजना साहाय्य योजनावार वाटाघाटींवर अवलंबून असे. चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी १९६९ मध्ये मान्य झालेल्या गाडगीळ सूत्रानुसार लोकसंख्येला ६० टक्के भार देण्यात आला. दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांसाठी १० टक्के, करवसुलीच्या प्रयत्नांसाठी १० टक्के, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी १० टक्के आणि राज्यांच्या विशेष प्रश्नांसाठी १० टक्के अशी उर्वरित विभागणी होती. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हा घटक मानून काम करावे असे सुचवले. अग्रणी बँक योजनेचा उगम या शिफारशीत आहे.

अखेर

१९७१ मध्ये नियोजन आयोगातील कामातून मुक्त होऊन गाडगीळ दिल्लीहून पुण्यास परतत होते. या रेल्वेप्रवासातच ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र. शेजारी राहणाऱ्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्राची पदवी घेतली होती. फलटणसारख्या वाढत्या गावाच्या पाहण्या त्यांनीही केल्या, आणि माधव गाडगीळ यांनी आपल्या जडणघडणीत त्यांचा वाटा नोंदवला आहे. गोखले संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.